काळ्या कातळातलं गोडं पाणी

१८४३ साली जॉर्ज थॉमस क्लार्क हा चौतिशीतला इंग्रज इंजिनिअर मुंबईत आला. इंग्लंडमध्ये त्याने इझंबार्ड ब्रुनेलच्या हाताखाली ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर काम केलं होतं आणि थेम्सवरच्या पुलांच्या कामाचा अनुभव त्याच्या गाठीला होता. त्याआधी त्याने काही काळ शस्त्रवैद्यकही केलं होतं. त्याच वर्षी कामानिमित्त तो भांडुपला गेला आणि तिथे त्याच्या मनात एक रेघ उमटली, असं रेल्वेचा इतिहास सांगतो. ती रेघ मुंबईहून निघून ठाण्याला जाणार होती, खाडी ओलांडून कल्याण गाठणार होती आणि तिथून दोन फाटे फुटून एक थळ घाट व दुसरा बोर घाट चढणार होता. आज डोंबिवलीचा माणूस रोज सकाळी लोकलच्या दाराशी लोंबकळत ज्या वाटेने जातो, ती वाट आधी या माणसाच्या डोक्यात तयार झाली.

याच क्लार्कने मुंबईच्या दगडातला बेडूकही जगापुढे नेला. नाना शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय, १८४९चा ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा कायदा, १८५३ची पहिली गाडी हे सगळं आपण शाळेत शिकतो. बेडकाची गोष्ट मात्र भूगर्भशास्त्राच्या जुन्या खंडांत पडून राहिली. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात, कारण दोन्हींची वाट एकच आहे.

रेल्वेच्या मोजणीला निघालेल्या माणसाला जमीन नुसती वरवर पाहून चालत नाही. कुठे कापायचं, कुठे भराव घालायचा, कुठला दगड पुलाच्या पायात टिकेल, घाटात चढ किती येईल याचा अंदाज त्याला आधी बांधावा लागतो. क्लार्कने साष्टी बेट पाहिलं, ठाण्याची खाडी पाहिली, पलीकडचा मुंब्र्याचा डोंगर आणि त्यामागे सह्याद्रीपर्यंत पसरलेला सखल भाग पाहिला. सगळीकडे तोच काळा कातळ, लाव्हाचे थर एकावर एक रचलेले. त्या थरांना चिरत वर आलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती त्याने बारकाईने न्याहाळल्या. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. खूप वर्षांनी, १८६९ साली, मुंबई आणि साष्टीसमोरच्या मुख्य भूमीवरच्या या डाइकांवर त्याने लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात लेख लिहिला. ठाणे-कल्याणचा हा परिसर त्याच्या मनातून गेला नव्हता.

बेडकाचं प्रकरण मात्र १८४७चं. त्या वर्षी त्याच त्रैमासिकात मुंबईहून आलेलं क्लार्कचं टिपण छापलं गेलं आणि त्याला पुरवणी म्हणून रिचर्ड ओवेनने दोन पानं जोडली. पाच वर्षांपूर्वी ‘डायनोसॉर’ हे नाव जगाला देणारा तोच हा ओवेन. मुंबईहून आलेल्या काळसर, पापुद्रे सुटणाऱ्या दगडावर इवल्याशा बेडकांचे सांगाडे उमटले होते. पाय दुमडलेले, कवटी चपटी झालेली, पाठीचे मणके ओळीने दिसणारे. ओवेनने त्यांना ‘राना पुसिल्ला’ असं नाव दिलं. ‘पुसिल्ला’ म्हणजे अगदी छोटी, आणि ते बेडूक होतेही तसेच, अंगठ्याच्या पेराएवढे. ज्यांच्या पहारीखाली ते थर फुटले, त्या कामगारांची नावं या पानांत नाहीत. मुंबईचा पहिला जीवाश्म बेडूक आधी त्यांच्याच हाताला लागला असणार, असं मी धरून चालतो.

हे थर वरळीच्या टेकडीच्या कुशीत आहेत. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधलं समुद्राचं तोंड हॉर्नबी वेलार्ड या बांधाने बंद झाल्यावर आतल्या सखल भागातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायला झडपा बांधाव्या लागल्या. लव्हग्रोव्हच्या त्या झडपांच्या बाजूला टेकडीच्या पोटातला काळा पट्टा उघडा पडला. त्याच्यावरही लाव्हाचा थर होता आणि खालीही.

आता ही गोष्ट नीट समजून घ्यायची, तर बेडकाच्या कातडीकडे पाहावं लागतं. उभयचर प्राण्याची कातडी उघडी असते. ना खवले, ना केस, ना पिसं. तिच्यातून पाणी आत-बाहेर होतं आणि श्वासाचा काही भागही तिच्यातूनच चालतो. म्हणून ती ओली राहावी लागते आणि तिला खारं पाणी सोसत नाही. थोडे अपवाद सोडले, तर बेडूक समुद्राच्या पाण्यात जगत नाहीत, त्यांची अंडी तर नाहीच नाही. मग वरळीला, अरबी समुद्राच्या अगदी काठाला, लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये हे बेडूक आले कुठून? उत्तर एकच निघतं. तिथे गोडं तळं होतं. एका लाव्हाप्रवाहानंतर जमीन शांत झाली, पाऊस पडला, खळग्यांत पाणी साठलं, गाळ बसला, झाडं आली, बेडूक आले. पुढे पुन्हा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला.

ज्वालामुखीच्या त्या काळाचं चित्र आपल्या मनात फक्त धगीचं असतं. वरळीचा बेडूक सांगतो की उद्रेकांच्या मध्ये मोठी विश्रांती होती, तळं भरून बेडकांच्या पिढ्या जगून जातील एवढी. दख्खनच्या लाव्हाचा मुख्य उद्रेक साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. मुंबईचे थर त्याहून काही दशलक्ष वर्षांनी धाकटे. कोकणात पनवेलच्या आसपास लाव्हाचे थर वाकून समुद्राकडे कललेले आहेत. घाटमाथ्यावर सपाट दिसणारे थर मुंबईकडे येताना खाली बुडत जातात आणि त्यांच्यावरचे धाकटे थर मुंबईत शिल्लक राहतात. क्लार्कने मनात ओढलेली रेल्वेची रेघ हा बाक आडवा पार करते.

जगात इतरत्रही उभयचरांनी असेच जुन्या पाण्याचे पत्ते सांगितले आहेत. कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला इन्यो नावाची डोंगररांग आहे. तिच्या दऱ्या वाळवंटी, उघड्याबोडक्या आणि उन्हाने भाजलेल्या. १९७३ साली तिथल्या झऱ्यांच्या काठी दगडांखाली सॅलॅमँडर सापडले. सॅलॅमँडर म्हणजे शेपूट असलेला, ओल्या कातडीचा उभयचर. अशा रखरखीत मुलुखात तो असेल, असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. १९७९ साली मार्लो, ब्रोड आणि वेक यांनी त्या जातीचं वर्णन केलं आणि तिला चार्ल्स कॅम्प या संशोधकाचं नाव दिलं. हा प्राणी वाळवंट ओलांडून कुठूनही चालत आलेला नाही. पूर्वी तो सगळा प्रदेश ओला होता. ओल आटत झऱ्यांपुरती उरली आणि प्राणीही तिच्यापाशीच थांबला.

आपल्याकडे सॅलॅमँडर पाहायचा तर पार दार्जिलिंग आणि ईशान्येकडच्या डोंगरांत जावं लागतं. सह्याद्रीत तो नाही. पण सह्याद्रीचा मे महिना ज्याने पाहिला आहे, त्याला इन्योच्या दऱ्या फार परक्या वाटणार नाहीत. माळशेजच्या किंवा नाणेघाटाच्या कड्यावर तेव्हा काळा दगड तापलेला असतो, गवत पिवळं पडून भुगा झालेलं असतं. याच डोंगरात ओल्या कातडीचे प्राणी कुठे तरी दडून पावसाची वाट पाहत असतात. त्यांना शोधायचं म्हणजे आधी ओल शोधायची.

वरळीच्या बेडकांवर नंतर बरीच माणसं कामाला लागली. त्यांत पहिला म्हणजे हेन्री जॉन कार्टर. हा मुंबईतला डॉक्टर आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा चिटणीस. १८५२ साली त्याने मुंबई बेटाच्या भूगर्भावर मोठा निबंध लिहिला. त्यात त्याने बेडकांच्या सोबतीला त्या तळ्यातली बाकीची वस्तीही मांडली: इवल्या शिंपल्यांसारखी कवचं असलेले जलजीव, वनस्पतींचे अवशेष आणि एक कासव. त्या कासवाला त्याने आपल्या सहकाऱ्याचं, डॉ. लीथचं, नाव दिलं. मुंबईच्या निसर्गाच्या इतिहासात कार्टरचं नाव व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही, याचं मला वाईट वाटतं. एका बेडकावरून त्याने अख्खं तळं उभं केलं.

पुढे सरकारी भूगर्भ खात्यातल्या विनने १८६६ साली मुंबई बेटाचा भूगर्भ पुन्हा तपासला. १८६९ साली त्याच खात्यातल्या फर्डिनांड स्टोलिच्काने बेडकाच्या हाडांचा नव्याने अभ्यास करून वर्गीकरणातली त्याची जागा बदलली. मोराव्हियातून आलेला हा तरुण पाचच वर्षांनी यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखच्या उंचीवर वारला आणि लेहमध्ये पुरला गेला. त्या वेळी तो ३६ वर्षांचा होता.

मग साठ वर्षं शांतता. १९३० साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियममधल्या ग्लॅडविन नोबलने हे जीवाश्म हाती घेतले आणि स्पष्ट सांगितलं की हा आपल्या डबक्यातल्या ‘राना’ बेडकांचा भाऊबंद नाहीच. त्याने त्याच्यासाठी ‘इंडोबॅट्रॅकस’ ही नवी प्रजाती केली आणि त्याला ऑस्ट्रेलिया व दक्षिणेकडच्या खंडांतल्या बेडकांच्या जवळ नेऊन बसवलं. हे १९३० साली म्हणणं साधं नव्हतं. खंड सरकतात हे वेगेनरचं म्हणणं त्या वेळी बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते. नोबलने लावलेल्या नात्यावर पुढे वाद झाले, ते होणारच होते. पण वरळीच्या बेडकाचं गोत्र भारताबाहेर, समुद्रापलीकडे शोधावं लागेल, हा विचार तेव्हापासून टेबलावर आला. २००३ साली बिजू आणि बोसाइट यांनी केरळच्या इडुक्कीतून एका जमिनीखाली राहणाऱ्या जांभळट बेडकाचं वर्णन केलं. त्याचे सगळ्यांत जवळचे जिवंत नातेवाईक सेशेल्स बेटांवर निघाले. तोवर भारताचं आफ्रिकेच्या बाजूने सरकत येणं सर्वमान्य झालं होतं.

मराठी नाव या गोष्टीत १९४० साली येतं. जी. डब्ल्यू. चिपळोणकर या जीवाश्मशास्त्रज्ञाने वरळीच्याच टेकडीवरून इंडोबॅट्रॅकसच्या आणखी एका जातीचं वर्णन केलं. १९६५ साली मलबार हिलच्या थरांतून तिसऱ्या जातीचं वर्णन झालं. आज वरळीच्या टेकडीवर इमारती आहेत. त्या थरांतला एखादा तुकडा पाहायचा, तर संग्रहालयाच्या कपाटाकडेच जावं लागतं. मुंबईच्या तळ्याचा तो पुरावा एवढ्या सहज शहराच्या पायाखाली गेला, हे मला अजून पटत नाही.

क्लार्कची रेघ मात्र कागदावर राहिली नाही. तो स्वतः १८५० उजाडायच्या आतच हवामानाच्या कारणाने परत गेला, पुढे वेल्समधल्या डाउलाइसचा प्रचंड लोखंडाचा कारखाना सांभाळला, मध्ययुगीन किल्ल्यांवर ग्रंथ लिहिला आणि १८९८ साली वारला. प्रत्यक्ष काम जेम्स बर्कलीने केलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन गाडी धावली. १८५४च्या मे महिन्यात रूळ कल्याणला पोचले. बोर घाटाचं काम खरं कसोटीचं. १८५८पर्यंत खंडाळ्याहून पुण्याला गाडी जात होती, पण मधला घाट प्रवाशांना पायी किंवा डोलीतून चढावा लागे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ते काम पुढे नेलं. १८६१ साली घाटात एका वेळी चाळीस हजारांहून जास्त माणसं दगड फोडत होती. पटकीने आणि अपघातांनी किती गेली, याचा नीट हिशेब कुणी ठेवला नाही. १८६३ साली घाट खुला झाला.

त्या घाटाच्या माथ्यावरच दुसरा उभयचर भेटतो. तो मात्र जिवंत आहे.

१९६० साली कॅन्सस विद्यापीठातल्या एडवर्ड टेलरने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या बरण्यांत ठेवलेल्या नमुन्यांवरून एका नव्या प्राण्याचं वर्णन केलं. नमुन्यांचं ठिकाण होतं पुणे जिल्ह्यातलं खंडाळा. टेलरने त्याच्यासाठी ‘इंडोटिफ्लस’ ही नवी प्रजाती केली आणि जातीला ब्रिटिश म्युझियममधल्या बॅटर्सबीचं नाव दिलं. त्या वेळी टेलर सत्तरीला आला होता. आठ वर्षांनी त्याने जगातल्या अशा सगळ्या प्राण्यांवर भला मोठा ग्रंथच काढला. खंडाळ्याला सहलीला जाणाऱ्या लाखो लोकांना तिथल्या मातीत हा प्राणी राहतो, याचा पत्ता नाही.

मराठीत याला देवगांडूळ म्हणतात. तो गांडूळ नाही, साप तर नाहीच. तो बेडकाचा आणि सॅलॅमँडरचा चुलतभाऊ आहे, पाय गमावलेला उभयचर. अंगावर गोल वळ्या, कातडी ओली आणि चकचकीत. डोळे इतके बारीक की असून नसल्यासारखे. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक छोटी स्पर्शिका असते. असं इंद्रिय दुसऱ्या कुठल्याच कणा असलेल्या प्राण्याला नाही. तिच्या मदतीने तो अंधाऱ्या मातीत वास घेत, चाचपत फिरतो. १८८०च्या दशकात सारासिन आडनावाच्या दोघा चुलतभावांनी श्रीलंकेत याच गटातल्या एका जातीची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून राखण करताना पाहिली आणि त्यावर सविस्तर लिहिलं. तोवर अशा प्राण्याच्या संसाराविषयी फारच थोडं ठाऊक होतं.

कोकणात आणि घाटात देवगांडूळ मिळतो तो मृगाचा पाऊस पडून माती मऊ झाल्यावर. सुपारीच्या वाडीत, ओढ्याच्या काठी, कुजलेल्या पाल्याखाली, शेणाच्या उकिरड्याच्या कडेला. शोधणारा दगड आणि ओंडके उलटतो, पाहतो आणि परत होते तसे ठेवतो, कारण खालची ओल गेली तर खालचं घर गेलं. माती खणायची झाली तर फावडं हलक्या हाताने चालवावं लागतं. टिकावाच्या एका घावात प्राण्याचे दोन तुकडे होतात. गावात अनेक जण त्याला सापाचं पिल्लू किंवा दुतोंड्या समजून मारतात. या निरुपद्रवी, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या जीवाचा तसा बळी जाणं थांबायला हवं. ते समजावून सांगितलं तर थांबतंही.

मुंबईतल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे समजावण्याचं काम फार पूर्वीपासून केलं. जे. सी. डॅनिएल यांनी १९६३पासून सोसायटीच्या नियतकालिकात पश्चिम भारतातल्या उभयचरांची ओळख करून देणारी लेखमाला लिहिली. बेडूक हातात धरून त्याचं नाव कसं शोधायचं, हे त्यामुळे सामान्य वाचकालाही जमू लागलं. त्याच सुमारास सह्याद्रीतून नवी नावं येऊ लागली होती. १९५५ साली भादुरी आणि कृपलानी यांनी महाबळेश्वरच्या ओढ्यातल्या रात्रीच्या बेडकाला हुमायून अब्दुलअली यांचं नाव दिलं. १९६३ साली सोमण यांनी कोयनेच्या शिवाजीसागराजवळच्या भेकाचं वर्णन केलं.

मग २००३ आणि २००४ ही दोन वर्षं आली आणि देवगांडुळांचं दालन एकदम उघडलं. २००३ साली सोसायटीचे वरद गिरी आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले डेव्हिड गॉवर व मार्क विल्किन्सन यांनी सिंधुदुर्गातल्या आंबोलीहून एक जात नोंदवली आणि तिला डॅनिएल यांचं नाव दिलं. त्याच वर्षी रविचंद्रन, गॉवर आणि विल्किन्सन यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून दुसरी जात नोंदवली. तिला नाव मिळालं म्हैसूरचे प्राणिशास्त्रज्ञ बी. आर. शेषाचार यांचं. देवगांडुळांच्या अंड्यांवर आणि गर्भांवर त्यांनी कितीतरी दशकं आधी काम केलं होतं. २००४ साली कोयनेजवळच्या हुंबरळीहून खंडाळ्याच्या इंडोटिफ्लसची सख्खी बहीण सापडली. तिच्या नावातच महाराष्ट्र आहे. टेलरने बरणीतून ओळखलेली प्रजाती आता तिच्या स्वतःच्या मातीत, तिच्या मुलखातल्या माणसांनी ओळखली होती.

या सगळ्यांत डोर्ल्याच्या प्राण्याने सगळ्यांना चकित केलं. आशियातले ज्ञात उभयचर अंडी घालतात, असंच तोवर धरून चाललं होतं. २००८ साली गॉवर, गिरी आणि पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधले महेश धर्णे व योगेश शौचे यांचा लेख प्रसिद्ध झाला. शेषाचार यांच्या नावाचा हा देवगांडूळ अंडी घालत नाही, जिवंत पिलं देतो, असं त्यांनी दाखवलं. असा आशियातला तो पहिला ज्ञात उभयचर ठरला. उभयचराला अंड्यासाठी बाहेरची ओल लागते. इथे आईने ती ओल स्वतःच्या पोटातच धरली होती. देवगांडुळांच्या कुळात पिलं देण्याची ही वाट जगात किती वेळा, एकमेकींपासून स्वतंत्रपणे निघाली असेल, हा हिशेब रत्नागिरीच्या या प्राण्यामुळे शास्त्रज्ञांना नव्याने मांडावा लागला.